शटरवरचे जयवंतभाऊ

माणूस हॉस्पिटलातून घरी यायच्या आधी त्याचा फ्लेक्स आला. थापा नाही मारत. सह्या, कागद, अ‍ॅम्ब्युलन्स असं सगळं निस्तरून जयवंतभाऊंना आणेपर्यंत दुपार झाली, पण फ्लेक्स सकाळीच टेम्पोतून उतरला. चार पोरं "धर रे, ओढ रे, वर घे" करत बांबू बांधत होती आणि मी गॅलरीच्या कठड्याला टेकून बघत होते. आमच्या काळाचौकीत एक वेळ मरायला उशीर होईल, फ्लेक्सला व्हायचा नाही.

आणि फ्लेक्स तरी केवढा! जयवंतभाऊ धुरींच्या पिठाच्या गिरणीचं अख्खं शटर झाकून वर चार बोटं उरला. मधे जयवंतभाऊ, भोवती शोकाकुल. शोकाकुल म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष हितेंद्र गावडे, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार, आणि ज्यांना कुठलंच पद देता आलं नाही म्हणून 'आधारस्तंभ' करून टाकलंय ते सगळे. ओळीने उभे, हात जोडून, आणि हसत. अहो, हसत! एकेकाकडे एकच फोटो असतो. तोच दहीहंडीला, तोच वाढदिवसाला, तोच मयताला. त्यात हितेंद्रचं डोकं जयवंतभाऊंच्या डोक्याहून मोठं छापलेलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हाच गेला.

जयवंतभाऊंचा फोटो कुठल्यातरी लग्नातला होता. त्यात त्यांनी साधा शर्ट घातला होता, तो डिझाइनवाल्याला पटला नसावा. त्याने त्यांना कोट चढवला, टाय बांधला, बूट घातले, गोरं केलं, आणि भुवया काळ्याभोर केल्या. आता ह्या माणसाला मी चाळीस वर्षं बघतेय. अंगात बनियन, गळ्यात पंचा आणि भुवया पांढऱ्या. वयाने नव्हे हो, पिठाने. तिशीत होते तेव्हाही पांढऱ्याच. आमचा दूधवाला सायकल थांबवून वर बघून विचारतो, "मौसी, कौन गया?" मी म्हटलं, "अपना चक्कीवाला." तो फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणतो, "तो फिर ये कौन है?"

मी शैला कासारे. तीन नंबरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहते, गिरणीच्या बरोब्बर समोर. पालिकेच्या दवाखान्यात नर्स होते. आता मी रिटायर झाले, पण तोंड अजून ड्युटीवर आहे असं माझा मुलगा सम्यक म्हणतो. म्हणू दे. त्याच्या लहानपणी ते तोंड नसतं तर त्याने एक गोळी गिळली नसती.

जयवंतभाऊ गेले तेही त्यांच्या पद्धतीनेच. फ्लेक्सच्या आदल्या दिवशी सकाळचं दळण उरकलं, मोटर बंद केली, स्टुलावर बसले आणि गेले. हॉस्पिटलात नेलं ते नुसतं कागदापुरतं. मोटर चालू ठेवून गेले नाहीत. वीज फुकट गेलेली त्यांना कधी खपली नाही.

स्वभाव कसा होता विचाराल तर खडूस. एक नंबरचा खडूस. त्यांच्या गिरणीत कोणाला नाव नव्हतं. जो जे दळायला आणेल ते त्याचं नाव. आमच्या घरी भाकरीची सवय, म्हणून मी ज्वारीबाई. रमाकांत सरांना पीठ कितीही बारीक दळून दिलं तरी ते चिमटीत धरून "अजून जरा बारीक हवं होतं" म्हणायचे, म्हणून शाळेतून रिटायर झालेल्या ह्या मोठ्या माणसाला भर गर्दीत हाक काय, तर "ओ बारीक, डबा न्या तुमचा!" आणि मंडळाचा अध्यक्ष हितेंद्र, त्याला ते 'मैदा' म्हणायचे. एकदा मी विचारलं, "जयवंतभाऊ, तो तर इथे कधी दळायला येतच नाही, त्याला कशाला नाव?" तर म्हणाले, "म्हणून तर मैदा. दळूक येणा नाय, पण चिकटता सगळीकडे." मालवणी माणूस. शिवी पण चवीने द्यायचे.

बोलणं असं, आणि काम विचाराल तर चोख. गहू झाले की ज्वारी, ज्वारी झाली की डाळ, असं धान्य बदललं की पुढच्याच्या डब्यातलं मूठभर आधी टाकायचे. त्याने जातं साफ व्हायचं. ते पहिलं मूठभर पीठ कोणाच्याच डब्यात जायचं नाही, बाजूला एक पातेलं होतं त्यात पडायचं. त्याची खळ करून मंडळाची पोरं गणपतीच्या मखराला कागद चिकटवायची, आणि आमच्या बिल्डिंगची पोरं चौदा एप्रिलच्या पताका. एकाच पातेल्यातली खळ. भांडण मात्र लाउडस्पीकरवरून व्हायचं, खळीवरून कधी झालं नाही.

आता त्यांचा तो नियम सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी लग्न होऊन इथे आले त्या वर्षीची गोष्ट. ज्वारीचा डबा घेऊन लायनीत उभी होते. माझ्या मागे ह्या हितेंद्रची आई, गावडेबाई. माझं दळण झालं, तिचा नंबर आला. तिने डबा पुढे केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्याच्या आधी कोणाचं दळण होतं हो?"

ज्वारी होती हे तिला दिसत होतं. तिला धान्य नव्हतं विचारायचं, माणूस विचारायचा होता. तीन नंबरची बिल्डिंग म्हणजे आम्ही, जय भीमवाले. तिने काय विचारलं ते मला कळलं, तिला कळलं आणि लायनीतल्या प्रत्येकाला कळलं. सगळ्यांनी आपापल्या डब्याच्या झाकणाकडे बघायला सुरुवात केली. माझे कान नुसते तापले. नवी नवरी, बोलू काय?

जयवंतभाऊंनी भाषण केलं नाही. मोटर पण थांबवली नाही. गावडेबाईचा डबा उचलला आणि भिंतीकडे लायनीच्या शेवटी नेऊन ठेवला. ती म्हणाली, "अहो, माझा नंबर आहे!" हे म्हणाले, "शेवटी." मग दुसरं कोणी आलं, त्याचा डबा तिच्या पुढे लागला. तिसरं आलं, त्याचाही पुढे. बाई कडाकडा बोलली, रडली, नवऱ्याला घेऊन आली. हे आपले, "शेवटी." संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी तिचं दळण झालं. तेव्हापासून नियमच झाला. आधी कोणाचं दळण होतं असं जो विचारेल, त्याचा डबा शेवटी. पाटी लावली नाही की काही नाही. दोन-चार जणांचे डबे शेवटी गेले आणि अख्ख्या चाळीला पाठ झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. म्हटलं, "जयवंतभाऊ, काल तुम्ही माझ्यासाठी..." पुढचं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, "ज्वारीबाई, वाट अडवू नका, मागे माणसं हत." त्या दिवसापासून मी त्या माणसाशी रोज भांडले. पीठ जाड झालं म्हणून भांडले, उशीर झाला म्हणून भांडले. सख्ख्या भावाशी भांडावं तशी हक्काने भांडले. आता ते भांडण कोणाशी करू?

फ्लेक्सशी त्यांचं जुनं वैर. मंडळाची पोरं दर सणाला फ्लेक्स घेऊन गिरणीसमोर यायची, कारण नाक्यावरची जागा. आणि दर सणाला हे पंचा झटकत बाहेर यायचे. "शटरपुढे काय लावूचा नाय! माझी गिरणी दिसूक होयी, तुमचे दात नको." हितेंद्रशी तर दोनदा हातघाईवर आलेलं. मात्र सण संपला, फ्लेक्स उतरले, की तेच ते गोळा करायचे. धुवायचे, पुसायचे आणि गिरणीत जमिनीवर अंथरायचे, सांडलेला दाणा मातीत जाऊ नये म्हणून. छापलेली बाजू खाली. रंग दाण्याला लागायला नको. आमच्या वॉर्डातले झाडून सगळे पुढारी त्या गिरणीत तोंडावर पडलेत.

तर असा माणूस. आणि त्यांची शोकसभा!

चौथ्या दिवशी चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या. आधी रमाकांत सर उठले. चष्मा पुसला, घसा साफ केला आणि म्हणाले, "जयवंतराव म्हणजे अजातशत्रू!" मी शेजारणीला कोपर मारलं. ह्याच सरांनी मागच्या महिन्यात पीठ जाड आलं म्हणून गिरणीच्या दारात डबा आपटला होता. झाकण घरंगळत गटारापर्यंत गेलं. मग एक आधारस्तंभ म्हणाला, दादा मितभाषी होते. दुसरा म्हणाला, गोड बोलायचे. तिसऱ्याने तर सूत्रसंचालकाच्या चिठ्ठीवरचं नाव बघून "जयवंतराव धुरी ह्यांचं शैक्षणिक क्षेत्रातलं योगदान" असं सुरू केलं, मग मागून कोणीतरी शर्ट ओढला. मला वाटायला लागलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच मयताला आलोय.

आणि सगळ्यांचं एक पालुपद, "एकट्याने गिरणी ओढली हो!" एकट्याने? पहिल्या खुर्चीवर त्यांची बायको लक्ष्मी बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन. दुपारी जेवून जयवंतभाऊ आडवे व्हायचे, तेव्हा गिरणी कोण चालवत होतं? डाळीची भाजणी रवाळ दळायची ती कोण? पट्टा निसटला की बसवायची कोण? पण ती दुपारी असायची, आणि दुपारी दळायला येतात बायका. भाषणं करणारे येतात संध्याकाळी, आयता डबा उचलायला.

शेवटी हितेंद्र उभा राहिला. पांढरे कपडे, डोळ्याला रुमाल. रुमाल कोरडा होता, मी नर्स आहे, मला कळतं. म्हणाला, "दादांचं आणि माझं वडील-मुलाचं नातं. दादांनी मला प्रेमाने एक नाव दिलं होतं, ते मी इथे सांगत नाही." लोक फुसकन हसले. "पण आज मंडळाच्या वतीने जाहीर करतो. दादांची आठवण अशी पुसू द्यायची नाही! गिरणीच्या जागेवर, ह्याच जागेवर, जयवंतदादा धुरी स्मृती कट्टा होणार! बसायला बाकडी, रंगीत लाइट, आणि मागे गिरणीचं चित्र असलेला सेल्फी पॉइंट!"

टाळ्या! शोकसभेत टाळ्या! गिरणी काढून टाकायची आणि गिरणीचं चित्र लावायचं. आणि बाकड्यांवर बसणार कोण, तर मंडळाचीच पोरं, मंडळाला ऑफिस नाही म्हणून वर्षभर रडतायत ती. मी उभी राहिले. म्हटलं, "अरे हितेंद्र, जागा लक्ष्मीवहिनीची, गिरणी लक्ष्मीवहिनीची. तिला विचारलंस?"

"काकी, वहिनींची जबाबदारी मंडळाची आहे!" पुन्हा टाळ्या.

"जबाबदारी म्हणजे काय रे?"

"काकी, ही वेळ आहे का? भावना समजून घ्या."

भावना हा शब्द आला की समजावं, आता कोणाच्या तरी पोटावर पाय येणार आहे. लक्ष्मीने मान वर केली नाही. नवरा जाऊन चार दिवस झालेली बाई, भर सभेत काय बोलणार? तिचं न बोलणं म्हणजेच होकार असं धरून सभा संपली आणि चहा आला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत गेले. मुलगी प्राची बॅग भरत होती. पोरगी गुणाची, डोंबिवलीला असते. "आई, तेरावं झालं की चल माझ्याकडे. खूप राबलीस, आता आराम कर." लक्ष्मी हो म्हणाली. प्राची पाणी भरायला गेली तशी लक्ष्मीने माझा हात धरला.

"शैला, माका खंय जावचा नाय."

"मग सांग ना तिला तसं."

"काय सांगू? जावयाच्या घरात एक कोपरो मिळात, टीव्ही मिळात. सकाळी उठून करू काय मी? ह्ये गेले. आता गिरणी पण गेली तर माझा काय रवला?" मग पदराने नाक पुसलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तेराव्यापर्यंत सुतक. चौदाव्या दिवशी सकाळी मी गिरणी चालू करतंय. लोकांनी डबे आणले तर रवतंय. नाय आणले तर जातंय डोंबिवलीक." त्यांच्यात सुतकात गिरणी लावत नाहीत. तेवढे दिवस ती गप्प बसणार होती. त्यापुढे नाही.

मी म्हटलं, "अगं पण शटरवर तो फ्लेक्स आहे ना."

"तो काढूक सांग त्यांका."

सांग म्हणे! मी हितेंद्रकडे गेले. तो म्हणाला, "काकी, कट्ट्याचं उद्घाटन होईपर्यंत फ्लेक्स हलणार नाही. लोकांच्या भावना आहेत."

"आणि लक्ष्मीच्या?"

"वहिनींचा सत्कार ठेवलाय ना! शाल, श्रीफळ, सगळं."

म्हटलं, मरो हा, फ्लेक्सची दोरी काय त्याच्या बापाची आहे? शोकसभेत जे जे रडले त्यांच्या दाराशी गेले. रमाकांत सर म्हणाले, "शैलाताई, तुमचं बरोबर आहे. पण मृताच्या फोटोला हात लावणं बरं दिसत नाही." वरच्या मजल्यावरचा म्हणाला, "मी लावला असता हात, पण माझाही फोटो आहे त्यावर, खाली डावीकडे. माझाच फोटो मी कसा उतरवू?" तिसरा म्हणाला, गिरणी हवीच कशाला आता? त्याच्या दारात पिठाचं पाकीट पडलेलंच होतं. आणि लांब कशाला जाऊ, माझीच सून प्रिती. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, आटा फोनवरून दहा मिनिटांत येतो." मी म्हटलं, "येतो गं, पण तो तुला भांडता येईल असा येत नाही."

इकडे फ्लेक्सचं काय झालं ऐका. पहिल्यांदा कोणीतरी हार घातला. मग कोणी उदबत्ती खोचली. मग कामावर जाणारे चपला काढून नमस्कार करायला लागले. ज्या माणसाशी सुट्ट्या पैशांवरून रोज खडाजंगी व्हायची, त्याच्या छापील बुटांना हात लावून छातीला लावायला लागले. बघता बघता जयवंतभाऊंचा देव झाला आणि गिरणीचं देऊळ, तेही कुलूपबंद. वाईट कोणीच नव्हतं हो त्यात. सगळ्यांचं प्रेमच होतं. त्या प्रेमाने एका बाईचं शटर बंद पाडलं, एवढंच. जयवंतभाऊंनी जन्मभर जे शटरपुढे लावू दिलं नाही, तेच त्यांच्यावर लावलं आणि त्यांनाच त्याचा दरवान केलं.

चौदावा दिवस उजाडला. मी पहाटेच उठून ज्वारी निवडून डब्यात भरली. म्हटलं, कोणी येवो न येवो, एक डबा तर असणार. प्रिती बघत होती.

खाली आले तर लक्ष्मी आधीच उभी. एका हातात शटरची चावी, दुसऱ्या हातात नारळ सोलायची कोयती. समोर फ्लेक्स, आणि फ्लेक्ससमोर एकजण डोळे मिटून नमस्कार करतोय. त्याने डोळे उघडले, मागे कोयती बघितली आणि चप्पल हातात घेऊन पळाला.

बातमी पोचायला काय वेळ लागतोय! लोक जमले. हितेंद्र टूथब्रश घेऊनच आला. "वहिनी! वहिनी, काय करताय? दादांचा अपमान होतोय!"

"बाजूक हो."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतत ता तेरा दिस आयकलंय," लक्ष्मी म्हणाली. आवाज चढवला नाही. "आता माका सांग. गिरणी बंद करा म्हणून ह्येंनी सांगितल्यानी तुका? खंय सांगितल्यानी? कधी? माका तर कधी नाय सांगितल्यानी."

हितेंद्रने तोंड उघडलं, तोंडात पेस्ट होती, मिटलं. मी म्हटलं, "बोल रे, भावना समजून घे तिच्या." कोणीतरी खिदळलं. लक्ष्मीने बांबूला बांधलेली दोरी कापली. एक, मग दुसरी. अख्खा फ्लेक्स करकरत खाली आला, सगळे आधारस्तंभ एकमेकांवर दुमडले, आणि मागून शटर दिसलं. साधं, गंजकं, पिठाने पांढुरकं झालेलं शटर.

शटर अडत होतं. रमाकांत सर पुढे झाले. "मी लावतो हात," म्हणाले. लावला. दोघा-तिघांनी मिळून वर ढकललं. आतून जुन्या पिठाचा वास आला. लक्ष्मीने मोटरला हात जोडले, बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग पट्टा फिरला, आणि तो आवाज आला. तेरा दिवस आमच्या सकाळीत काय नव्हतं ते तेव्हा कळलं. मी रडले. सरळ तोंड उघडं टाकून रडले, लपवलं नाही.

तिने माझ्या डब्यातली मूठभर ज्वारी घेतली, जातं साफ करायला वरून टाकली. ते पहिलं पीठ पातेल्यात पडलं. आता ती माझा डबा ओतेल असं वाटलं, पण तिने पातेलं उचललं आणि बाहेर आली. त्यात जरा पाणी घालून बोटाने कालवलं. फ्लेक्स जमिनीवर पसरला होता. ती गुडघे टेकून बसली, जयवंतभाऊंच्या चेहऱ्यापाशी, आणि ती खळ त्यांच्या त्या काळ्याभोर भुवयांवर चोपडली. आधी एक, मग दुसरी. नीट, दाबून, अंगठ्याने कडा पुसत. मग मागे सरकून बघितलं.

"हां," म्हणाली. "आता आमचे."

तेवढ्यात दूधवाला आला, सायकल थांबवली, खाली बघितलं आणि ओरडला, "अरे, ये तो सच में अपने चक्कीवाले चाचा हैं! मतलब सच में गुजर गए?" तेरा दिवस रोज त्या फ्लेक्ससमोरून गेला होता बिचारा, पण मी सांगूनही त्या कोटवाल्यात त्याला चक्कीवाला दिसला नव्हता. तिथेच फुटपाथवर बसून रडायला लागला. अख्ख्या चाळीत त्याच्याइतकं खरं कोणी रडलं नव्हतं.

लक्ष्मीने खळ वाळू दिली. मग फ्लेक्सचं एक टोक स्वतः धरलं, एक मला दिलं. गिरणीत नेऊन अंथरायचा म्हटल्यावर हितेंद्र कळवळून म्हणाला, "वहिनी, निदान दादांना तरी पालथं घालू नका!"

"रंग लागता दाण्याक," ती म्हणाली. आणि पालथा घातला. हितेंद्र, खजिनदार, आधारस्तंभ, आणि त्यांच्या मधोमध जयवंतभाऊ.

मग लोक पांगले. मला वाटलं, झालं, तमाशा संपला, गेले. लक्ष्मीने माझी ज्वारी वर ओतली. तिची नजर सारखी दाराकडे जात होती. माझीही. अर्धा डबा दळून झाला तरी दारात कोणी नाही. आणि मग समोरच्या जिन्यावरून माझी प्रिती उतरली, काखेत गव्हाचा डबा. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सम्यकला पाकिटाच्या चपात्या आवडत नाहीत." तिच्या मागे रमाकांत सर, पिशवी घेऊन. त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरचा. त्याच्या मागे पाकीटवाला. मंडळी पांगली नव्हती, घरी डबे आणायला गेली होती. प्राची खिडकीतून बघत होती. दुपारी तिने बॅग रिकामी केली.

हितेंद्रही आला. अध्यक्षच तो, हरतोय कसला! आधी गिरणीसमोर स्वतःचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे सगळ्या ग्रुपवर टाकला, 'मंडळाच्या पाठपुराव्याला यश, दादांची गिरणी पुन्हा सुरू'. मग घरून डबा मागवला. गेल्या वर्षी त्याला शुगर निघाली तेव्हापासून मैद्याच्या घरातही ज्वारी खातात. लाइन सोडून तो थेट आत घुसला. माझं दळण नुकतंच संपलं होतं, मी डब्याचं झाकण लावत होते. त्याने आपला डबा लक्ष्मीपुढे सरकवला आणि म्हणाला, "वहिनी, आधी कोणाचं दळण होतं? नाही, म्हणजे डॉक्टरांनी ग्लुटेन सांभाळायला सांगितलंय."

पूर्वी विटाळ होता, आता ग्लुटेन आलंय. माझीही ज्वारीच, त्यात कसलं ग्लुटेन! चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला, आणि बघा, पुन्हा माझाच डबा पुढे आणि गावड्यांचा मागे.

लक्ष्मीने मोटर थांबवली नाही. त्याचा डबा उचलला, चालत गेली आणि भिंतीकडे नेऊन ठेवला.

"वहिनी, अहो, माझ्या बोलण्याचा अर्थ तसा..."

"मैद्या," लक्ष्मी म्हणाली, "शेवटी."

लाइन हसली. आधी प्रिती, मग सर, मग सगळेच. हितेंद्र लाल झाला, पण डबा सोडून गेला नाही, कारण घरी भाकरी हवी होती. त्यानंतर येणारा प्रत्येक डबा त्याच्या पुढे लागत गेला. लक्ष्मीने घाम पुसायला हात फिरवला तेव्हा मी पाहिलं, तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. संध्याकाळी शटर ओढायच्या वेळी मैद्याचं दळण झालं. तोवर मी गॅलरीतून हलले नाही.